पत्रं मागितली म्हणजे नेमकं काय? शिफारसपत्रांचे आपले अनुभव

दर डिसेंबरात मला ठरलेले फोन येतात. "ताई, विद्यापीठानं शिफारसपत्रं मागितलीत. म्हणजे पोरीचं झालं का?" काही घरांत पेढ्यांची भाषा सुरू झालेली असते, तर काही घरांत आधीच्या कागदांत काय कमी पडलं याची भीती. मी छत्रपती संभाजीनगरात मुलांना परदेशी प्रवेशाच्या अर्जांत मदत करते, म्हणून नियमांपुरतं आधी मी सांगते.

बहुतेक ठिकाणी पत्रं सरसकट सगळ्यांना मागतात. अमेरिकेत एमएस-पीएचडीला साधारण तीन लागतात. हार्वर्डला पदवीसाठी दोन शिक्षकांची आणि शिवाय शाळेकडून एक. एमआयटीला एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं. अशा ठिकाणी पत्र मागितलं यातून काहीच निष्कर्ष काढू नका, तो अर्जाचाच भाग आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं वेगळं आहे. त्यांच्या पदवीच्या अर्जासोबत शिफारसपत्र द्यायचंच नसतं. पण त्यांचंच बर्कलीचं कॅम्पस अर्ज आल्यानंतर काही जणांनाच निवडून दोन पत्रं मागवतं. त्यातलं निदान एक शिक्षकांचं हवं, आणि देणं ऐच्छिक असतं. अशी जादा माहिती किती जणांकडून मागावी यावर विद्यापीठाच्या नियामक मंडळानं 2017 साली मर्यादा घातली: अर्जदारांपैकी फार तर 15 टक्के. ज्यांचा अर्ज काठावर आहे आणि कागदांवरून चित्र पूर्ण होत नाही, अशांसाठी ही सोय आहे. म्हणजे दार उघडलेलं नाही आणि बंदही झालेलं नाही. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल आणखी कुणाकडून तरी ऐकायचंय.

आता तुम्ही लिहा. कुणाकडे गेलात, ते काय म्हणाले, पत्रात काय आलं? संस्थेचं आणि माणसाचं नाव नको.

लातूर, आई

आमच्या लेकराला बर्कलीचा असा मेल आला आणि दोन तासांत सगळ्या भावकीत झालं. मामा म्हणाले, "निवड झाल्याशिवाय कशाला विचारतील?" मलाही तसंच वाटलं. त्याच्या वर्गातल्या मुलीला मेल नव्हता, ती बिचारी रडून रडून बसली.

खरी अडचण पुढंच होती. लातूरला अकरावी-बारावी म्हणजे काय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. नाव कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये. कॉलेजच्या सरांनी त्याला प्रॅक्टिकलपुरतंच पाहिलेलं. ज्या सरांना त्याची प्रत्येक शंका पाठ होती ते क्लासचे, आणि त्यांच्याकडे ना लेटरहेड ना कॉलेजचा ईमेल. मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, वजन पडेल, असं सगळे सांगत होते. पोरगा ऐकेना. त्यानं क्लासच्या गणिताच्या सरांना विनंती केली आणि दुसरं पत्र दहावीच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचं घेतलं. बाईंनी मराठीत लिहिलं, भाचीनं इंग्रजी करून दिलं, मग बाईंनी शब्दन् शब्द वाचून आपल्या हातानं पाठवलं.

मार्चमध्ये निकाल आला. त्याचं तिथं झालं नाही. ज्या मुलीला मेल नव्हता तिचं झालं. एवढ्यासाठीच लिहिलं. त्या मेलवरून कुणी पेढे वाटू नका आणि कुणी रडूही नका.

नांदेड, एमएस करून आता नोकरीत

आमच्याकडे रीत अशी की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांचा हेतू वाईट नसतो. साठ मुलांचे प्रोजेक्ट, पेपर तपासणी, नॅकची कामं, त्यांना वेळ कुठला? पण मग एकाच पोराच्या हातची तीन पत्रं जातात, तिन्हीत तेच "हुशार, मेहनती, नम्र".

मी सरांना म्हणालो, पत्र तुम्हीच लिहा, आठवण मी करून देतो. एका पानावर मुद्दे काढले: कोणत्या सत्रात काय शिकवलंत, माझ्या प्रोजेक्टमध्ये मोटर जळाली तेव्हा तुम्ही काय विचारलंत, मी पुढे काय बदललं. विशेषणं एकही लिहिली नाहीत. सर वाचून म्हणाले, "हे तर मी विसरलोच होतो," आणि तिथंच लॅबमध्ये बसून लिहायला लागले. पुढे मुलाखतीत प्राध्यापकांनी त्या जळालेल्या मोटरबद्दलच विचारलं. म्हणून सांगतो, पत्र वाचलं जातं.

परभणी, प्राध्यापक, पत्रं लिहिणारा

दुसरी बाजू मांडतो. अमेरिकन विद्यापीठांची लिंक उघडली की पत्राआधी बऱ्याचदा एक तक्ता येतो: हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांत वरच्या किती टक्क्यांत बसतो? बुद्धी, चिकाटी, लेखन, सहकार्य, प्रत्येकाला वेगळी खूण. आपल्याकडचे कित्येक जण सरसकट सगळ्यात वरच्या चौकटीत खुणा करतात. मी करत नाही. लेखन बेताचं असेल तर बेताचंच लिहितो, आणि शेतावरच्या प्रयोगात तो पहाटे पाचला हजर असायचा हेही लिहितो. माझी दुसरी खूण खरी वाटावी म्हणून पहिलीही खरीच लागते. विद्यार्थी नाराज झाले तर त्यांना हे समजावतो.

अर्ज भरताना आणखी एक प्रश्न येतो: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत 1974 च्या कायद्यानं प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे, तो पत्रापुरता सोडायचा की नाही हे विचारतात. पालक घाबरतात, "हक्क कशाला सोडायचा?" सोडा. पत्र मोकळेपणानं लिहिलंय यावर वाचणाऱ्याचा विश्वास त्यानंच बसतो. आणि सरांवर तेवढा भरवसा नसेल, तर त्यांच्याकडे जायचंच कशाला?

एक विनंती. मला ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं त्याला मी "दुसऱ्या कुणाकडे जा" असं म्हणतो. तो अपमान नसतो. कोमट पत्र विद्यार्थ्याचं जास्त नुकसान करतं.

जालना

काकांनी आमदारांचं पत्र आणलं होतं, सही-शिक्क्यासकट. साहेबांनी मला कधी पाहिलेलंही नव्हतं. मी ते अर्जाला जोडलं नाही. काका महिनाभर बोलले नाहीत, पण त्यांनी धावपळ माझ्यासाठीच केली होती हे मला कळतं.

हिंगोली

तांत्रिक सांगते. सरांकडे जीमेलच होता, आणि पोर्टलला संस्थेचा ईमेल हवा होता. आमच्या कॉलेजला तसे ईमेलच नाहीत. मी विद्यापीठाला लिहून विचारलं. त्यांनी सांगितलं की पत्र लेटरहेडवर असू द्या, पद आणि कॉलेजचा फोन लिहा, चालेल. पुढे लिंक सरांच्या स्पॅममध्ये पडून होती, ती शेजारी बसून शोधली. गप्प राहून अंदाज बांधू नका, विचारा.

बीड, इंग्लंडमध्ये मास्टर्स

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर घर बंद व्हायचं, आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षी मीही कोयता घेऊन गेलो. त्या वर्षीचे गुण आणि हजेरी बघितली तर कुणीही म्हणेल की पोराला शिकायचंच नव्हतं.

हे अर्जात मी स्वतः लिहायला बसलो की हात थांबायचा. रडगाणं वाटेल अशी भीती. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी त्यांच्या पत्रात चार ओळीत लिहिलं: हंगाम कधी सुरू होतो, कधी संपतो, त्या काळात हा मुलगा फडातून फोन करून नोट्स मागायचा, आणि ज्या सत्रात तो गावात होता त्यातले गुण वेगळे काढून बघा. मॅडमनी दया मागितली नाही. गुणपत्रिका कशी वाचायची ते सांगितलं.

पत्राचं काम काय, हे मला तेव्हा कळलं. जे खरं आहे पण माझ्या तोंडून जड वाटतं, ते दुसऱ्या कुणीतरी साक्षीनं सांगणं. आमच्या भागातल्या मुलांना याची गरज जास्त आहे, आणि मागायचा संकोचही आम्हालाच जास्त. मॅडमना विचारायला मी कितीदा तरी स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, मी वाटच बघत होते."

धाराशिव, बारावी

मला पुढच्या वर्षी अर्ज करायचाय. सरांना कधी विचारावं? आणि ते नाही म्हणाले तर?

परभणी, प्राध्यापक

बेटा, मुदतीच्या निदान सहा आठवडे आधी जा, एकटी जा, आईवडिलांना पाठवू नकोस. "तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं लिहिता येईल का?" असं सरळ विचार. सर घुटमळले तर आभार मानून दुसऱ्यांकडे जा. हो म्हणाले तर मुद्द्यांचं एक पान, गुणपत्रिका आणि मुदतीची तारीख त्याच दिवशी हातात दे, आठवडाभर आधी एकदा आठवण कर. निकाल लागला की, कसाही लागो, त्यांना कळव. आम्ही विचारत नाही, पण वाट बघतो.