डोळे फिरणे, डावखुरा आणि ‘नियंत्रण’ : योग्य शब्द सुचवा

अनुवादिका : तोल, डोळे आणि मेंदू यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय, शब्द सुचवा. मान उजवीकडे वळली की डोळे आपोआप तेवढेच डावीकडे वळतात, म्हणून चालता चालताही दुकानाची पाटी वाचता येते. याला ‘तोल-नेत्र प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हटलंय. फार जड होतंय का? शिवाय कानात पाणी सोडून तोलाची जी तपासणी करतात तिच्यात (ती शोधणाऱ्या बारानी या कानाच्या डॉक्टरांना १९१४चं नोबेल मिळालं) डोळे जे करतात, त्याला ‘अक्षिदोलन’ चालेल?

फुगडीवाली : ‘तोल’ छान, ‘संतुलन’ नको, ते अर्थसंकल्पाचं वाटतं. पण ‘दोलन’ म्हणजे झोपाळा, दोन्हीकडे सारखा. इथे डोळे एका बाजूला सावकाश सरकतात आणि झटक्यात परत येतात. फुगडी थांबल्यावर मैत्रिणीचे डोळे बघा, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांमधला द्रव अजून फिरतच असतो. ‘डोळे फिरणे’ हा शब्दप्रयोग शब्दशः खरा आहे! पण श्रीमंतीनेही डोळे फिरतात, म्हणून लेखात ‘नेत्रहिसके’ घ्या.

अनुवादिका : हिसके घेतले! आता दुसरी अडचण. २००३च्या एका जर्मन अभ्यासात उजव्या हाताच्या लोकांत तोलाचं काम मेंदूच्या उजव्या गोलार्धात जास्त दिसलं, डावखुऱ्यांत डाव्या. मूळ लेखात त्याला ‘अप्रबळ गोलार्ध’ म्हटलंय.

डावरा : ताई, तो शब्द फसवा आहे. वाचक ‘प्रबळ’ म्हणजे भाषेचा गोलार्ध समजणार. आम्हा डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांची भाषा डाव्याच गोलार्धात असते, मग माझा तोल तिथेच असून ‘अप्रबळ’ कसा? सरळ ‘हाताच्याच बाजूचा गोलार्ध’ लिहा. हात चालवतो तो विरुद्ध बाजूचा गोलार्ध, तोल सांभाळतो तो त्याच बाजूचा. (‘डावखुरा’ शब्दात हात कुठेच नाही, हे जाता जाता.)

अनुवादिका : मग ‘हातानुसार नेत्रहालचालींवर मेंदूचं नियंत्रण’ हे शीर्षक?

फुगडीवाली : ‘नियंत्रण’ जास्त होतंय. ही क्रिया मुळात मेंदूच्या खोडातून चालते, काही मिलिसेकंदांत. वरचा मेंदू तिला फक्त कमी-जास्त करतो. गाडी तो हाकत नाही, कासरा ओढतो किंवा सैल सोडतो.

डावरा : ‘कासरा’ शीर्षकात नको, संपादक हसतील. ‘मेंदूचा लगाम’ चालेल.

अनुवादिका : संपादक शहरातले आहेत, लगामच बरा.