मदत हवी आहे: अप्पांची करंटची टेस्ट नॉर्मल आलीय, आता डोक्यावर चुंबकाची लिहून दिली, करू का नको?

खानापूर_रोड: नमस्कार, कुणीतरी लवकर सांगा, गुरुवारी सकाळी ९ ची अपॉइंटमेंट आहे. अप्पांची हातापायाची करंटची टेस्ट गेल्या महिन्यात झाली, रिपोर्टवर सगळं नॉर्मल. आता दुसऱ्या डॉक्टरांनी परत करंटचीच टेस्ट लिहिलीय आणि जोडीला डोक्यावर चुंबक लावून करतात ती. एकदा नॉर्मल आलं की परत तेच कशाला? आणि चुंबक म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला झेपतंय का? लावणी तोंडावर आलीय, बेळगावच्या दोन खेपा आधीच झाल्यात, अजून किती फिरायचं.

शहापूर_पेठ: अहो टेस्टचं नाव तरी लिहा की. अप्पांना होतंय काय, वय किती, काहीच नाही लिहिलं तुम्ही.

निपाणी_तंबाखू: माझ्या आत्तीला हातापायाला मुंग्या येत होत्या, आम्ही पण असंच फिरलो, शेवटी बी१२ कमी निघालं आणि इंजेक्शनवर बरी झाली. आधी बी१२ बघा, बाकी टेस्टांत पैसे घालू नका.

खानापूर_रोड: बी१२ झालंय, ठीक आहे. वय ६३. चिठ्ठीवर एसएसईपी आणि एमईपी लिहिलंय. त्रास म्हणजे अप्पांना शर्टाची बटणं लागत नाहीत, आई लावते. सोसायटीत पैसे मोजायला गेले तर नोटा हातातनं सुटूलेत. आणि पायातली चप्पल मागं राहते आणि ते दहा पावलं पुढं जातात, त्यांना कळतच नाही. परवा मी मागनं चप्पल उचलून आणली तर म्हणाले ही कुणाची रे.

चिकोडी_नाका: मानेत नस दबलीय, दुसरं काही नाही. आमच्याकडं मान बसवणारे एक आहेत, तेल लावून दोन झटक्यात मोकळी करतात. मी स्वतः जाऊन आलोय, त्याच दिवशी फरक. नंबर हवा तर सांगा.

ईपी_लॅब_मिरज: खानापूर_रोड दादा, मान मोडायला अजिबात नेऊ नका. ही हात जोडून विनंती. मी याच टेस्टा रोज करतो म्हणून सांगतोय. बटण न लागणं आणि चप्पल सुटलेली न कळणं हे दोन्ही एका माणसात असलं की डॉक्टरांना मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असल्याची शंका येते, आणि तसं असेल तर त्या झटक्यानं हातपाय कायमचे जाऊ शकतात.

आता तुमचा प्रश्न. आधी झाली ती एनसीव्ही. ती हातापायातली नस तपासते, म्हणजे मज्जारज्जूच्या बाहेरची. बिघाड मज्जारज्जूत असेल तर ती नॉर्मलच येणार, म्हणून रिपोर्ट चुकीचा नाही पण अर्धाच आहे. एसएसईपीत मनगटावर बारीक करंट देतात, अंगठा टकटक उडतो आणि तो निरोप वर मेंदूत कधी पोचला ते डोक्यावरच्या वायरी टिपतात. हातावरनं साधारण २० मिलिसेकंदात लाट दिसते, घोट्यावरनं दिलं तर ३७ ते ४० च्या आसपास. लाट इतकी बारीक असते की एका झटक्यात दिसतच नाही, शेकडो झटके देऊन सरासरी काढावी लागते, म्हणून वेळ लागतो आणि अंग सैल सोडून पडून राहावं लागतं.

एमईपी उलट दिशेची. डोक्याजवळ कॉइल धरतात, चुंबकाचा एक ठोका, मेंदूचा हुकूम खाली जातो आणि बोट हलतं. डोक्यापासून बोटापर्यंतच्या एकूण वेळातनं मानेपासून बोटापर्यंतचा वेळ वजा केला की मेंदू ते मान किती लागले ते कळतं, हाताला ६ ते ८ मिलिसेकंद. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी हेच कवटीवरनं विजेचा झटका देऊन केलं होतं, पण ते दुखायचं. १९८५ मध्ये शेफील्डच्या बार्कर आणि सहकाऱ्यांनी चुंबकानं केलं, त्यात दुखत नाही. आवाज मात्र खाडकन येतो, कानात बोळे घालायला द्यायला सांगा.

चिकोडी_नाका: तुम्ही मशीनवाले, तुम्ही मशीनचंच सांगणार. माझी मान बरी झाली ती काय खोटं?

ईपी_लॅब_मिरज: तुमची मान आखडली होती, दादा. तुमची बटणं लागत होती ना? तोच फरक आहे.

टिळकवाडी_दुसरं_गेट: खर्चाचं कुणी बोलतच नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, खानापूर तालुक्यातली गावंही आहेत त्यात. कोल्हापूरला जा, तिथं बघा.

शहापूर_पेठ: कागदासाठी किती फेऱ्या होतात ते मला विचारा. आणि गुरुवारची अपॉइंटमेंट सोडून कोल्हापूर कशाला? सीमाप्रश्न ठेवा बाजूला, माणसाला चप्पल सुटलेली कळंना झालीय.

टिळकवाडी_दुसरं_गेट: योजना सांगितली तर सीमाप्रश्न कुठं आला? नियम काय ते सांगितलं, लोकांना माहीतच नसतं. तसंही एसएसईपी नॉर्मल आली की मानेत काही नाही, मग दुसरी करायचीच कशाला, तेवढे पैसे वाचतील.

ईपी_लॅब_मिरज: असं होत नाही. स्पर्शाचा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातनं वर जातो, हालचालीचा हुकूम बाजूच्या भागातनं खाली. एक शाबूत आणि दुसरा दबलेला असू शकतो, म्हणूनच डॉक्टरांनी दोन्ही लिहिल्यात.

वडगाव_माग: आमच्या मुलीची झाली होती बघा अशी टेस्ट, टीव्हीवर काळेपांढरे चौकोन हलतात, एकेक डोळा झाकून बघायचं. चष्मा नेला नव्हता म्हणून परत पाठवलं. तुम्ही अप्पांचा चष्मा विसरू नका.

ईपी_लॅब_मिरज: ती व्हीईपी, ताई, डोळ्याच्या नसेची, तिथं १०० मिलिसेकंदाच्या लाटेला बघतात. इथं चष्मा लागत नाही. दादा, तुम्ही हे करा: आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल अजिबात लावू नका, तेलावर वायर चिकटत नाही. पावसात भिजून थंडगार पाय घेऊन आलात तर नस सावकाश चालते आणि आकडा खोटाच उशिरा दिसतो, म्हणून सुके मोजे पिशवीत ठेवा. उंची विचारतील, लांब माणसाला जास्त वेळ लागतो. आणि महत्त्वाचं, डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप, कानात आत बसवलेलं यंत्र, छातीत पेसमेकर, कधी फिट, यातलं काही आहे का?

खानापूर_रोड: पेसमेकर नाही, पट्टी नाही. फिटची गोळी आहे, रात्रीची एक. बैलगाडीवरनं पडले होते मी शाळेत असताना, तेव्हापासनं चालू आहे, आता कित्येक वर्षं फिट नाही म्हणून लिहिलं नाही.

ईपी_लॅब_मिरज: हेच पहिल्यांदा लिहायचं होतं, दादा. आत्ता फोन करा तिथं, गुरुवारची वाट बघू नका. चुंबकाच्या ठोक्यानं फिट येण्याची शक्यता कमीच, पण ज्याला आधी फिट आलीय त्याच्या बाबतीत करायची का नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, तंत्रज्ञानं नाही आणि आपण इथं बसून तर नाहीच. गोळी बंद करू नका. आदल्या रात्री जागरण नको.

निपाणी_तंबाखू: मी मघाशी टेस्टा नको म्हटलं ते मागं घेतो. त्रास काय ते वाचलंच नव्हतं.

खानापूर_रोड: शुक्रवारी रात्री लिहूलोय. फोन केला, डॉक्टरांनी चुंबकाची रद्द केली आणि एसएसईपी तेवढी करून लगेच मानेचा एमआरआय सांगितला. अप्पा अंगठा उडताना बघत होते, म्हणाले माझ्या हुकमाशिवाय हलूलाय. हाताची लाट थोडी उशिरा, पायाची नीट दिसलीच नाही. एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यात चकती मज्जारज्जूवर दाबून बसलीय. मंगळवारी सर्जनना दाखवायचं. चिकोडीच्या दादांचा राग नाही, पण नेलं असतं तर काय झालं असतं, रात्री झोप लागली नाही.

चिकोडी_नाका: मला हे माहीत नव्हतं. अप्पांना सांभाळा.

ईपी_लॅब_मिरज: ऑपरेशन ठरलं तर टेबलावरही एसएसईपी, एमईपी लावून मज्जारज्जूवर लक्ष ठेवतात कधीकधी. तिथली एमईपी विजेची असते, तेव्हा फिटचं भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

खानापूर_रोड: सांगतो. मोठ्या अक्षरात लिहून फाईलच्या वरच्या बाजूला टाचलंय. लावणीला मावसभाऊ येतोय, अप्पांना बांधावर बसायला खुर्ची ठेवलीय.