कॅमेऱ्याचा ब्रँड बदलताना नेमकं काय अडतं?

काजवा
कपाट आवरताना कॅननची जुनी एफडी माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते ती जागा) ५० मिमी लेन्स हाताला लागली आणि १९८७ साल आठवलं. त्या वर्षी कॅननने ईएफ माउंट आणला आणि एफडीवाल्यांच्या लेन्स नव्या बॉडीला बसेनाशा झाल्या. फरक किती, तर माउंटच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर एफडीत ४२ मिमी आणि ईएफमध्ये ४४. एवढ्या २ मिमीने लेन्स पुढे सरकते आणि लांबचा डोंगर फोकसमध्ये येतच नाही. आणायचा तर अडॅप्टरमध्ये भिंग घालावं लागतं आणि मग चित्र मऊ पडतं. निकॉनने मात्र १९५९ चा एफ माउंट चालू ठेवला.

२०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) नवे माउंट काढले, निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ. सोनीचा ई तर २०१० पासून आहे. त्यामुळे डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) सोडताना "नाहीतरी सगळं बदलायचंच आहे" म्हणत लोक ब्रँडच बदलतात. बॉडीची तुलना कुठेही वाचायला मिळते. बॉडी हातात आल्यावर, दुसऱ्या दिवशी कामाला लागल्यावर काय अडतं आणि त्यावर उपाय काय, ते इथे लिहा. कुठला ब्रँड भारी हा वाद इथे नको, ही कळकळीची विनंती.

पाणकावळा
निकॉनमध्येच राहून झेडवर जाणाऱ्यांनी एफटीझेड (जुनी एफ लेन्स झेडला लावायचा निकॉनचा अडॅप्टर) घेण्याआधी लेन्सच्या नावातली अक्षरं वाचावीत. एएफ-एस आणि एएफ-पी व्यवस्थित चालतात. जुनी एएफ-डी बसते, फोटो निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. या लेन्समध्ये मोटर नसते. डी७००० किंवा डी७५० सारख्या बॉडीच्या माउंटमधून स्क्रूसारखा छोटा दांडा बाहेर येतो आणि तो लेन्स फिरवतो. एफटीझेडमध्ये तो दांडाच नाही. ८५ मिमी एफ/१.८ डी किंवा ८०-२०० एफ/२.८ डी वर ज्यांचं काम चालतं त्यांना हे आधी माहीत हवं.

निकॉनची लेन्स साध्या, बिनसर्किटच्या अडॅप्टरने सोनीवर लावायची असेल तर आणखी एक घोळ. 'जी' लेन्सला अपर्चरची रिंग नसते, बॉडीवरून काढली की पाकळ्या पूर्ण मिटतात. त्यामुळे अडॅप्टरला स्वतःची अपर्चर रिंग हवी. 'ई' लेन्सचं उलटं, तिचं अपर्चर विजेवर चालतं, वीज नाही तर ती सताड उघडी राहते. एफ/८ हवं असेल तर मिळणारच नाही.

उनाडपाऊस
काजवा, अंतराचा मुद्दा काढलास ते बरं झालं. सगळं गणित तिथेच आहे. निकॉन एफ ४६.५ मिमी, कॅनन ईएफ ४४, कॅनन आरएफ २०, सोनी ई १८, निकॉन झेड १६. मोठ्या आकड्याची लेन्स लहान आकड्याच्या बॉडीवर जाते, मधली जागा अडॅप्टर भरतो. उलट जात नाही.

यातून निघणारी गोष्ट खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. सोनी ईच्या लेन्स २ मिमीच्या पातळ अडॅप्टरने झेड बॉडीवर ऑटोफोकससह चालतात, कारण १८ वजा १६ एवढी फट उरते. झेडची लेन्स मात्र दुसऱ्या कुठल्याही फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीवर नेता येत नाही, तिचं अंतर सगळ्यांत कमी. म्हणजे सोनीकडून निकॉनकडे टप्प्याटप्प्याने जाता येतं. निकॉन झेडमधून बाहेर पडायचं तर लेन्स विकाव्याच लागतात. हे डोक्यात ठेवून पहिली महागडी लेन्स घ्यावी.

कॅनन ईएफवाल्यांना मात्र आरएफवर जाणं सगळ्यांत सोपं. अडॅप्टर म्हणजे २४ मिमीची पोकळ नळी आणि विजेचे संपर्क, काच नाही. घरच्याच लेन्स असल्यामुळे फोकसचा वेगही पडत नाही. त्या अडॅप्टरचा एक प्रकार मधूनच फिल्टर सरकवता येईल असा मिळतो. पुढे फुगीर काच असलेल्या ११-२४ सारख्या लेन्सला एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावायचा तर हा उत्तम उपाय.

सह्यवेडी
लग्नाचं काम करणाऱ्यांसाठी लिहिते, घाईत आहे. फ्लॅश सगळे विकायची गरज नाही!! गोडॉक्सचे एडी२०० सारखे दिवे कुठल्याही ब्रँडचे नसतात. कॅमेऱ्यावरचा ट्रिगर तेवढा बदला. गोडॉक्सच्या एक्सप्रो ट्रिगरच्या नावापुढे निकॉनला एन, कॅननला सी, सोनीला एस. कॅननसाठीचा गोडॉक्स व्ही१ फ्लॅश निकॉनच्या डोक्यावर टीटीएल (फ्लॅशची ताकद आपोआप ठरणं) देणार नाही, पण स्टँडवर रिसीव्हर म्हणून ठेवला तर निकॉनच्या ट्रिगरकडून टीटीएल घेतो.

नंतर हमखास येणारे दोन फोन. पहिला, "निकॉनमध्ये फ्लॅश लावला की शटर १/२०० च्या वर जातच नाही." मेनूतल्या ई१ या सेटिंगमध्ये फ्लॅश सिंक स्पीड असतो, तिथे 'ऑटो एफपी' लिहिलेला पर्याय निवडा. सोनी-कॅननवाल्यांना हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालणं) ट्रिगरवरून चालू करायची सवय असते, म्हणून हे सुचत नाही. दुसरा, "स्टुडिओत व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतोय." मिररलेसचा व्ह्यूफाइंडर मॅन्युअल एक्सपोजरचा परिणाम आधीच दाखवतो, पण फ्लॅश उडणार आहे हे त्याला ठाऊक नसतं. सोनीत 'सेटिंग इफेक्ट' ऑफ, कॅननमध्ये 'एक्सपोजर सिम्युलेशन' बंद, निकॉन झेड ६ मध्ये 'अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू' ऑफ. फ्लॅशचं काम संपलं की आठवणीने परत चालू करा.

सोनीच्या शूच्या पुढच्या कडेखाली बारीक संपर्कांची ओळ असते. फ्लॅश तिरका घुसवू नका, सरळ सरकवा.

कुकर झाला, बाकी नंतर.

मनीमाऊ
सुंदर धागा. वाचनखूण साठवली. एक शंका, एका लग्नात एकाकडे निकॉन आणि दुसऱ्याकडे सोनी असेल तर अल्बममध्ये रंग जुळतात का?

टिपकागद
मनीमाऊ ताई, जुळतात, पण ते घरी बसून जुळवायचं काम नाही, सुरुवात मंडपात होते.

दोन्ही बॉडींचं व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून केल्विनवर (उजेडाच्या रंगाचा आकडा) ठेवायचं, दोन्हीकडे एकच आकडा. तरी टिंट (हिरवा-गुलाबी झुकाव) थोडा वेगळा येतोच. म्हणून प्रत्येक ठिकाणचा उजेड बदलला की, म्हणजे हळदीची गच्ची, मांडव, हॉलचा स्टेज, दोन्ही कॅमेऱ्यांनी रंगांच्या चौकटींचं कार्ड एकदा टिपायचं. त्यावरून प्रत्येक बॉडीचं वेगळं प्रोफाइल बनतं. आधी प्रोफाइल लावायचं, मग प्रीसेट. निकॉनच्या एनईएफ या रॉ (कच्च्या) फाइलवर बनवलेला प्रीसेट सोनीच्या एआरडब्ल्यू या रॉ फाइलवर थेट टाकला की चेहरे एक तर हिरवट नाहीतर गुलाबी होतात. प्रीसेटमध्ये खोट नसते, त्याखालचा पाया वेगळा असतो.

लाल शालूवर विशेष लक्ष. नुसत्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर सगळं ठीक दिसतं आणि लाल चॅनेल उजवीकडे फुटलेला असतो. मग जरीच्या काठाजवळचा पोत जातो आणि कापड प्लास्टिकसारखं सपाट दिसतं. तिन्ही चॅनेलचा हिस्टोग्राम लावा, लाल कडेला टेकला की २/३ स्टॉप कमी करा. नव्या ब्रँडचं मीटर किती उजळ देतं याची सवय व्हायला वेळ लागतो, तोवर हाच आधार.

घड्याळ! दोन्ही बॉडींनी एकाच फोनवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ टिपा. फरक दिसला की लाइटरूममध्ये एका बॉडीचे सगळे फोटो निवडून 'एडिट कॅप्चर टाइम'. नाहीतर मंगलाष्टकं आधी आणि अंतरपाट नंतर असा क्रम लागतो.

अजून एक बारकी गोष्ट. कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी लावलं असेल तर निकॉन आणि सोनी दोघांच्याही फाइलचं नाव अंडरस्कोर आणि डीएससीने सुरू होतं, पुढे चार आकडे. रॉचं एक्स्टेन्शन वेगळं म्हणून ती वाचतात, पण जेपेग एकाच फोल्डरमध्ये ओतले तर एकावर एक बसू शकतात. दोन्ही बॉडींत फाइलच्या नावाची तीन अक्षरं बदलून घ्या.

मनीमाऊ
बापरे, हे नावाचं लक्षातच आलं नसतं. मनापासून धन्यवाद.

रानवाट
पक्ष्यांसाठी लेन्स बदलणाऱ्यांनो, टेलिकन्व्हर्टरचं (लेन्सची पोच वाढवणारं मधलं भिंग, कॅनन त्याला एक्स्टेंडर म्हणतं) आधी तपासा. कॅनन आरएफ १००-५०० वर आरएफ एक्स्टेंडर लावायचा तर झूम ३०० च्या पुढे नेल्याशिवाय तो बसतच नाही, आणि बसल्यावर ३०० च्या मागे येता येत नाही. भिगवणला नावेत रोहित जवळ आले तर मागे यायला जागा नाही, आणि बॅगेत लेन्स आखडून ठेवता येत नाही. सोनी २००-६०० आणि निकॉन झेड १८०-६०० दोन्हींचं झूम आतल्या आत होतं, लांबी बदलत नाही, त्यामुळे गिंबल हेडवर (जड लेन्स तोलून धरणारं ट्रायपॉडचं डोकं) तोल ढळत नाही. पण बॅग लांब लागते.

सोनीच्या ए१ सारख्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे आणि टेलिकन्व्हर्टर चालत नाही. "सोनीला स्वस्त लेन्सचा सुकाळ" हे खरंच आहे, उडत्या धोबी पक्ष्यासाठी त्यात काही फरक पडणार नाही. सूर मारणाऱ्या खंड्यासाठी पडेल.

अळूवडी
विषयांतर होतंय, माफ करा. जुन्या लेन्स विकायला काढल्यावर आत जाळं दिसतं ते बुरशीच का? पावसाळ्यात इकडे रत्नागिरीला भिंतीसुद्धा ओल्या.

टिपकागद
कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे असतील तर बुरशी. अपर्चर पूर्ण उघडा, पुढून बघा आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, बुरशी मुळांसारखी पसरते, आणि सगळीकडे सारखं धुकं दिसलं तर ते तेलाचं किंवा ओलाव्याचं. पहिल्या भिंगाच्या बाहेर असेल तर पुसून जाते. आत असेल तर उघडणाऱ्याकडे द्या. कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग राहतो.

पुढच्या पावसाळ्यासाठी हवाबंद डबा, आत २००-३०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली नको, आतलं वंगण सुकतं. डांबरगोळ्या अजिबात नकोत. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं.

अळूवडी
जेल गुलाबी झालीय माझी.

टिपकागद
म्हणजे पाणी प्यायलीय. ११०-१२० अंशांवर दोनेक तास भाजली की परत निळी होते. पण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा तव्यावर भाजू नका ताई. नारिंगीची हिरवी होणारी मिळते, ती आणा.

शिशिरपान
हाताच्या सवयींबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. समोरून पाहता निकॉनची लेन्स घड्याळाच्या उलट फिरवून बसते, कॅनन-सोनीची घड्याळाच्या दिशेने. घाईत लेन्स बदलताना जुना हात उलटं फिरवतो आणि नीट न अडकलेली लेन्स खाली येते. 'टक्' ऐकू आल्याशिवाय डावा हात काढायचा नाही, एवढा एक नियम पहिले दोन महिने.

निकॉन आणि कॅननच्या झूम रिंगची दिशाही उलट. ती कुठल्याच मेनूत बदलत नाही. फोकस रिंगची दिशा नव्या बऱ्याच मिररलेस बॉडींत बदलता येते, डायलची दिशा तर नक्कीच. नव्या बॉडीवर पहिल्या संध्याकाळी एवढंच करा: डायलची दिशा, मागच्या एएफ-ऑन बटणावर फोकस, अर्ध्या शटरवरचा फोकस बंद. सोनीत त्याला 'एएफ विथ शटर' म्हणतात, निकॉनमध्ये 'एएफ अ‍ॅक्टिव्हेशन'. आणि टीव्हीसमोर बसून न बघता आयएसओ बदलायचा सराव. अंधारात मांडवात बोट चुकतं ते इथेच.

सह्यवेडी
आले परत. बॅटरी आणि कार्ड राहिलं. निकॉन ईएन-ईएल१५ आणि १५ए जुन्या असल्या तरी झेड ६ मध्ये चालतात, पण यूएसबीने कॅमेऱ्यात चार्ज होत नाहीत, त्याला १५बी किंवा १५सी लागते. झेड ६ मधल्या एक्सक्यूडी कार्डाच्या जागी सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्ड बसतं, फर्मवेअर आधी अपडेट करा. सोनीचं टाइप ए वेगळं, आकाराने लहान, निकॉन-कॅननच्या कामाचं नाही. ए७ फोरमध्ये पहिल्या खाचेत टाइप ए किंवा एसडी, दुसरीत फक्त एसडी. कार्ड एका ब्रँडमधून काढून दुसऱ्यात घातलं की आधी फोटो उतरवा, मग त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट.

उनाडपाऊस
आणि हॉलमधले एलईडी! आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की फोटोत काळे-पांढरे आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. तरी पट्टे राहिले तर सायलेंट बंद करून मेकॅनिकल शटर. झेड ८, झेड ९ ला मेकॅनिकल शटरच नाही. त्यांचा सेन्सर झपाट्याने वाचला जातो म्हणून बहुतेक ठिकाणी निभावतं, पण स्वस्त एलईडी भिंतीसमोर आधी दोन फोटो काढून बघा.

मृद्गंध
भाचीला पहिला कॅमेरा घ्यायचाय, बजेट ५० हजार. कुठला ब्रँड?

रानवाट
मृद्गंध, तिच्या जवळपास ज्याच्याकडे लेन्स उसन्या मिळतील तो. सेकंडहँड घेणार असाल तर निकॉनच्या जेपेगमध्ये शटर काउंट लिहिलेला असतो, कॅमेऱ्यातून थेट निघालेली फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत तो उडालेला असतो. कॅननमध्ये बहुतेक बॉडींत फाइलमध्ये नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने बघावा लागतो. बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड पाहा, बिलावरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळवा.

मृद्गंध
तिचे सर कॅनन वापरतात. मग कॅननच बघते. आभार दादा.

शिशिरपान
काजवा, त्या ५० मिमी एफडीचं काय करणार? फेकू नका हं.

काजवा
छे, फेकतोय कसला! आता मिररलेसवर ती बिनभिंगाची चालते. ४२ वजा १६, म्हणजे झेडवर २६ मिमीची नळी. सोनीवर २४, आरएफवर २२. निकॉनमध्ये 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा'त ५० मिमी आणि एफ/१.८ भरायचं, म्हणजे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बरोबर काम करतं. सोनी आणि कॅननमध्ये 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं, नाहीतर बटण दाबून काहीच होत नाही.

फक्त अडॅप्टरच्या कड्यावर लॉक आणि ओपन अशा दोन खुणा असतात. कडं ओपनवर राहिलं तर लेन्सची रिंग एफ/८ वर नेली तरी पाकळ्या मिटत नाहीत. लेन्स लावून झाली की कडं लॉककडे फिरवा आणि पुढून बघत रिंग फिरवा, पाकळ्या हलताना दिसल्या पाहिजेत.