ए-२ जॅकेट: नकाशा एक, कारखाने डझनभर, मग ‘अस्सल’ कुठलं?

बेतकरी (धागाकर्ता)
अमेरिकेच्या आर्मी एअर कोरने ९ मे १९३१ ला ए-२ हे वैमानिकांचं चामडी जॅकेट प्रमाण ठरवलं. त्याच्या रचनेच्या सरकारी आरेखनाचा, म्हणजे नकाशाचा, क्रमांक ३०-१४१५. दुसऱ्या महायुद्धाच्या रेट्यात काम डझनाहून जास्त कंत्राटदारांत वाटलं गेलं: पेनसिल्व्हेनियाचं रफ वेअर, बीकनचं एअरो लेदर, न्यूबर्गचं पेरी, शिकागोचं ड्युबो. आता यांतल्या दोन कंत्राटदारांची ४० नंबरची जॅकेटं शेजारी ठेवा. कॉलरची टोकं वेगळी, खिशाच्या झाकणांचा आकार वेगळा; एकाच्या कॉलरखाली उभी पट्टी, दुसऱ्याला नाही. कातडं कधी घोड्याचं, कधी बकऱ्याचं. रंग लालसर ते जवळजवळ काळा. गणवेशात हे चालतं? घाऊक कामातली ढिलाई म्हणतात ती हीच.

टाचणी
साफ असहमत. काय काय असावं ते सरकारने ठरवलं: पुढे चेन, टिचबटणांचे दोन खिसे, खांदपट्ट्या, टिचबटणांनी बसणारी कॉलर, विणलेल्या लोकरी मनगटपट्ट्या आणि कंबरपट्टी, एकसंध पाठ. बेतायचा कागदी साचा मात्र ज्याचा त्याचा. ही मंडळी मुळात नागरी कपडे शिवणारी (एका कंत्राटदाराचं नावच केबल रेनकोट!). सगळ्यांना एकच साचा शिकवत बसले असते तर माल कधी निघाला असता? चेनसुद्धा टॅलन, क्राउन, कॉनमार, मिळेल त्या कंपनीची.

बेतकरी
साच्याचं एक वेळ सोडू. पण एकाच जॅकेटची बाही लाल आणि पाठ गडद? तपासनीस काय करत होता?

कमावलेलं
तो दोष शिवणाऱ्याच्या माथी नको. बरंचसं कातडं आधी लालसर रंगाचं असायचं, वर गडद तपकिरी फिनिश चढायचं. कोपर, खिशाची कड, जिथे घासलं तिथे खालचा लाल उघडा पडतो. तपासणीच्या दिवशी सगळं एकसारखंच दिसत असणार.

घाऊकपणाची खरी गोची कातरकामात आहे. कापडाचे चाळीस थर रचून एकदम कापता येतात, कातडं एकेक न्याहाळावं लागतं: ओरखडे, गोचिडाचे डाग, पोटाकडचा सैल भाग. त्यात ए-२ ची पाठ एका तुकड्याची, म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांना मोठा स्वच्छ भाग हवाच. बकऱ्याचं कातडं पाच-सहा चौरस फुटांचं. पाठ निघाली की उरलेल्यात बाही बसत नाही. ताण जास्त असलेली बाजू बाहीच्या लांबीत गेली तर महिन्याभरात बाही लोंबते.

शिवताना चूक झाली तर उसवून उपयोग नाही, सुईचं भोक कायमचं. इंचाला आठ-दहा टाके पुरे. बारीक घातले की तिकिटासारखी फाडरेषा तयार. सर्वांत छळते ती चेन. शिलाई यंत्राच्या दाबपट्टीखाली चामडं अडतं, खालची पट्टी सरकते आणि पुढा लाटांसारखा होतो. आधी कड तासायची, गोंदाने चिकटवायची, हातोडीने ठोकायची, मग शिलाई.

टाचणी
+१. आणि ढिलाई बघायची असेल तर आजचा स्वस्त घाऊक माल बघा. डायवर (धारदार धातूच्या साच्याने दाबून) कापलेला, म्हणून मापात चोख. पण कातडं पाऊण मिलिमीटरचं, पाठ मधोमध जोडलेली आणि बाजूने हात खुपसायचे जादा खिसे! मूळ ए-२ ला ते नव्हतेच.

बेतकरी
रंगाचं पटलं. कॉलरपट्टीबद्दल माझं मत तेच: पट्टीने कॉलर मानेला नीट बसते, मग सगळ्यांना सक्तीची का नाही केली? १९४३ मध्ये चामडं बंद करून कापडी बी-१० जॅकेट आणलं, त्यामुळे तो प्रश्न तसाच राहिला.

कमावलेलं
पट्टी जास्त बरी, याबद्दल दुमत नाही. म्हणून प्रतिकृती शिवून घेताना ‘ए-२ हवं’ एवढंच सांगू नका. लेबलवरचा कंत्राटदार आणि कंत्राट क्रमांक सांगा, उदाहरणार्थ ‘रफ वेअर, ४२-१४०१-पी’. नाहीतर कॉलर एकाची, खिसे दुसऱ्याचे असलं कडबोळं हाती येतं.