जेरी राईस सर्वांत वेगवान नव्हता, मग २० हंगाम टिकला कसा?

प्रश्न
दोन वर्षं झाली एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघायला लागून. मला वाटायचं, जो जोरात पळतो तोच मोठा वाइड रिसीव्हर (पुढे धावून फेकलेला चेंडू झेलणारा). पण जुनी मंडळी जेरी राईसचंच नाव घेतात आणि वर सांगतात की त्याच्याहून वेगवान कितीतरी होते. १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड हे आकडे मी पाहिलेत. मला कारण हवंय.

पहिलं उत्तर
हात! वडील मिसिसिपीत गवंडी. भाऊ विटा फेकायचे, हा झेलायचा. वीट झेलणाऱ्याला चेंडूचं काय?

दुसरं उत्तर
विटांची गोष्ट मलाही आवडते, पण तेवढ्याने भागत नाही. १९८५ च्या पहिल्या हंगामात याच हातांतून इतके झेल सुटले की त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खरी गंमत त्याच्या रूटमध्ये, म्हणजे ठरवून धावायच्या वाटेत आहे. त्याचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) चेंडू सोडतो तेव्हा रिसीव्हर अजून वळलेलाही नसतो. ठरलेल्या पावलावर तो पोचला नाही तर चेंडू थेट समोरच्यांच्या हातात. राईसचा एखादा जुना स्लँट (थोडं सरळ जाऊन तिरकं आत कापायचा रूट) सावकाश लावून बघा आणि चेंडूकडे न बघता कॉर्नरबॅकच्या, म्हणजे त्याला अडवणाऱ्याच्या, कमरेकडे लक्ष द्या. राईस तीन पावलं सरळ अशी टाकतो की आता लांब पळणार. कॉर्नरबॅकची कंबर मागे वळते, आणि त्याच क्षणी हा आत कापतो. पळण्याचा वेग मध्ये कमी होतच नाही, म्हणून पत्ता लागत नाही.

दुसरं म्हणजे दम. कॅलिफोर्नियात सॅन कार्लोसच्या एजवूड पार्कमध्ये तो अडीच मैलांचा चढ धावायचा. मी तो चढ नुसता चालून गेलोय. शेवटच्या टप्प्यात मांड्या भरून आल्या आणि दोनदा थांबावं लागलं. सरावातही प्रत्येक झेल घेऊन तो थेट मैदानाच्या टोकाच्या एंड झोनपर्यंत पळायचा. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये बाकीचे थकलेले असताना हा पहिल्यासारखाच ताजा, ते यामुळे.

प्रश्न विचारणारी
कमरेकडे बघितलं! तोच स्लँट चार वेळा लावला. पण १९९७ मध्ये राईसचा गुडघा गेला होता ना? तेव्हा वय ३४.

दुसरं उत्तर देणारा
हो, पहिल्याच सामन्यात लिगामेंट फाटलं. डिसेंबरात परत आला, टचडाउन केला (एंड झोनमध्ये चेंडू झेलून गुण मिळवले) आणि तो झेल घेऊन पडताना त्याच गुडघ्याची वाटी फुटली. माझं स्पष्ट मत, तेव्हा त्याने घाई केली. पण पुढच्या हंगामात ८२ झेल घेतले. पुढे ओकलंड रेडर्स या संघाकडून २००२ च्या हंगामात १,२११ यार्ड. आणि जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, रेडर्स हरत असताना, ४८ यार्डांचा टचडाउन. तेव्हा तो ४० वर्षांचा होता. आता तो झेल लावा, पुन्हा कमरेकडेच बघा.