ध्यान आठवडाभर टिकतं, मग सुटतं. नेमकं काय चुकतंय?

रावपुऱ्याचा_राव विचारतो:

नमस्कार मंडळी. बडोद्यात जुन्या वाड्यात राहतो, घरात सहा माणसं. सकाळी साडेसहाला पलंगावर मांडी घालून अर्धा तास बसतो, मोबाईलवर ध्यानाचं अ‍ॅप लावून. पंधराव्या मिनिटाला डाव्या पायाला मुंग्या येतात, पाठ वाकते. त्यातच ऑफिस, गॅसचा बाटला, मुलाची फी, सगळं डोक्यात फिरतं. कधी चक्क डुलकी लागते. आठवडाभर जमतं, मग नवरात्रासारखं काही आलं की बंद. तीनदा झालंय असं. आसन, वेळ, विचार, खंड, यातलं आधी काय सुधारू?

पाटावरची_पोथी

आधी पलंग सोडा. गादी दबते, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि दहा-बारा मिनिटांत खांद्याच्या पात्यांमध्ये दुखायला लागतं. त्याचा दोष तुम्ही मनाला देता.

जमिनीवर सतरंजी घाला. तिच्यावर जाड चादर किंवा घोंगडी घडी करून चार ते सहा इंच उंचवटा करा, आणि तो फक्त बैठकीखाली, मांडीखाली नको. त्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर टेकून बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ राहते, ताठ करावी लागत नाही. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली पंचाची घडी सरकवा. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आसन फार उंच नको, फार खाली नको, असंच सांगितलंय.

मुंग्या येतात त्या नस दाबली गेल्यामुळे. एकतर बैठकीची कड मांडीच्या मागून रुतते, नाहीतर एका पायाचा घोटा दुसऱ्या पोटरीवर टेकतो. पाय एकमेकांवर न ठेवता पुढे-मागे ठेवा, दोन्ही घोटे जमिनीला. तरीही पाय बधिर झाला तर घंटा वाजताच उठू नका. पाय लांब करा, घोटा फिरवा, जाणीव परतली की मगच उभे राहा. बधिर पायावर उठलात तर घोटा मुरगळतो.

गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर सरळ खुर्ची घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

सुरसागरकाठ

आसनाचं पटलं. पण माझ्या मते खरी गडबड अर्ध्या तासाची आहे. सुरुवातीला १० मिनिटं पुरे, आणि दोन आठवडे तेवढीच, मन लागलं तरी! वाढवायचं ते पाच-पाच मिनिटांनी, आणि मागचे पंधरा दिवस न रेटता झाले असतील तरच. एखाद्या रविवारी मनासारखं झालं म्हणून पाऊण तास बसलं, की सोमवारी दहा मिनिटं फिकी वाटतात आणि मंगळवारी बैठकच होत नाही.

वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. तोंड धुतलं की बैठक, मगच चहा. चहाच्या आधी ठेवलीत तर चहा स्वतःच आठवण करून देतो. नाश्त्यानंतर मात्र नको. सेवउसळ खाऊन बसलं की डुलकी ठरलेली. जेवणानंतर दोन-अडीच तास तरी जाऊ द्या.

अ‍ॅप पहिले आठ-दहा दिवस ठीक. पुढे तो आवाजच आधार होऊन बसतो आणि श्वासाकडे लक्ष जातच नाही. नुसता टायमर लावा, फोन एअरप्लेन मोडवर, हाताला लागणार नाही इतका लांब. अगरबत्तीवर वेळ मोजायची असेल तर आधी एक जाळून पाहा, लांबीप्रमाणे २० ते ४५ मिनिटं घेते. आणि बंद खोलीत धूर नको.

कोरी_पाटी

विचारांबद्दल कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो.

श्वास सोडताना एक आकडा, १ ते १०, मग पुन्हा १. आकडा हरवला की तक्रार न करता १ वर या. हरवण्याचे प्रकार दोन. एकात मोजणी तुटते, हे सगळ्यांना कळतं. दुसऱ्यात मोजणी चालूच राहते, १७ वर गेल्यावर जाग येते. तोंड मोजत होतं, मन बाजारात होतं. हा दुसरा जास्त फसवा. तसं होत असेल तर आकडे सोडा आणि नाकपुडीच्या कडेला किंवा वरच्या ओठावर हवेचा स्पर्श कुठे लागतो तेवढंच पाहा.

छाती आवळल्यासारखी वाटली तर समजा, श्वास पाहण्याऐवजी ओढला जातोय. दोन मोठे उसासे टाका, हात पोटावर ठेवा, पोट हलतंय तेवढंच बघा. डुलकीला वेगळा उपाय: डोळे अर्धे उघडे, नजर समोर तीन-चार फुटांवर जमिनीवर. तरीही पेंग येत असेल तर उठून गच्चीवर १५ पावलं जा-ये, पाऊल टेकताना तळव्याकडे लक्ष. बहुतेक वेळा मूळ कारण अपुरी झोप असतं, आणि ते बैठकीने भरून निघत नाही.

आपल्या गावचा एक दाखला द्यायचा मोह होतोय. १९०८ च्या जानेवारीत अरविंद घोष सुरत काँग्रेसनंतर बडोद्याला आले, तेव्हा विष्णु भास्कर लेले या योग्यांनी त्यांना बंद खोलीत तीन दिवस बसवलं. सांगणं एवढंच: विचार बाहेरून येतात असं पाहा, आत शिरण्याआधी परतवा. तीन दिवसांत मन शांत झालं म्हणतात. पण लोक पुढचं विसरतात: त्याआधी काही वर्षं अरविंद रोज तासन्‌तास प्राणायाम करत होते. आपण तीन दिवसांचा हिशेब धरू नये.

सुरसागरकाठ

@कोरी_पाटी, परतवा म्हटलं की नवीन माणूस विचारांशी कुस्ती खेळतो. त्यापेक्षा ‘फी’, ‘ऑफिस’ असं मनात एका शब्दात नाव द्या आणि श्वासावर या. नाव दिलं की बहुतेक वेळा गोष्ट पुढे सरकत नाही.

पाटावरची_पोथी

खंडाचं राहिलंच. नवरात्रात गरबा मध्यरात्रीपर्यंत, तर सकाळची बैठक गेलीच. त्या नऊ दिवसांपुरती ती संध्याकाळी न्या, आवरायच्या आधी, आणि तीन मिनिटांची करा. हे नवरात्र बसायच्या आधी ठरवा, नंतर नाही. एरवीही एक दिवस चुकला तर चुकू द्या, सलग दुसरा चुकवू नका. आणि राहिलेली मिनिटं दुसऱ्या दिवशी ‘भरून काढू’ नका, तिथेच बैठकीचा कंटाळा सुरू होतो.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा सल्ला कुणीतरी देईलच. शिबिर चांगलं असतं, पण पहाटे ४ ला उठून दिवसाचे जवळपास दहा तास बसणं आहे. रोजची २० मिनिटं काही महिने टिकल्यावर जा. पॅनिक, तीव्र नैराश्य किंवा जुना मोठा आघात असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि चालू गोळ्या ध्यानाच्या भरवशावर बंद करू नका. बैठकीत भीती वाढत गेली तर डोळे उघडा, खोलीतल्या वस्तू पाहा, उठा. रेटून बसण्यात काही पुण्य नाही.

रावपुऱ्याचा_राव

आभार. उद्यापासून सतरंजी, दहा मिनिटं, चहाच्या आधी. एकच विचारायचं: आईलाही बसायचंय, तिचे गुडघे दुखतात. प्लास्टिकची हाताची खुर्ची चालेल?

पाटावरची_पोथी

चालेल, पण त्या खुर्च्यांची बैठक मागे उतरती असते. मागच्या बाजूला चादरीची घडी घालून ती सपाट करा. पाठ टेकू न देता पुढे बसवा, तळवे पूर्ण जमिनीला. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. हात मांडीवर, खुर्चीच्या हातांवर नको, खांदे वर चढतात.