दिवाडीवर ग्रंथदिन करायचा आहे. बेटावरचे लेखक कोणाला म्हणावे?

मळारचा_मास्तर

नमस्कार. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावरील आमच्या वाड्याच्या मंडळाने यंदा एक दिवस बेटावरची पुस्तके, लेखक आणि वाचनालय यांच्यासाठी राखून ठेवायचे ठरवले आहे. भजने, नाटके आणि फुटबॉलचे सामने आमच्याकडे वर्षभर चालू असतात. मात्र केवळ पुस्तकांच्या निमित्ताने पिएदाद आणि मळार या बेटावरच्या गावांतील माणसे एकत्र बसल्याचे मला आठवत नाही.

पहिल्याच बैठकीत वाद झाला. फलकावर कोणाची छायाचित्रे लावायची असे विचारताच बा. भ. बोरकर, महादेवशास्त्री जोशी, रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो ही नावे पुढे आली. या सर्वांविषयी आदर आहेच. परंतु बोरीचे बोरकर किंवा सत्तरीतील आंबेड्याचे महादेवशास्त्री यांचे कार्यक्रम गोवाभर होत असताना आम्हीही तेच केले, तर त्यात दिवाडीचे काय राहिले? उलट बेटावर जन्मलेलेच लेखक घ्यायचे म्हटले, तर यादी दोन नावांत संपेल अशी भीती काहींना वाटते. कार्यक्रम केव्हा घ्यावा आणि दोन कपाटांच्या वाचनालयाला त्याचा उपयोग कसा व्हावा, याविषयीही जाणकारांनी सुचवावे.

पैलतीर

यादी छोटी असली तर बिघडले कुठे? झाकोमे गोन्साल्विस या एका नावावर अर्धा दिवस सहज निघेल. 1676 साली आपल्याच दिवाडीवर जन्मलेला हा धर्मगुरू श्रीलंकेत गेला, तिथली भाषा शिकला आणि 1742 साली मृत्यू येईपर्यंत त्याने सिंहली व तमिळमध्ये इतके लिहिले की, सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया घालणारा म्हणून त्याचे नाव तिथे आजही घेतले जाते. त्या वेळी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि कॅथलिकांवर निर्बंध होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लेखनाचे मोल कळते. असा लेखक दिवाडीवरील किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहा.

दुसरी गोष्ट पलीकडच्या तीराची. भारतातला पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला, म्हणजे तुमच्या फेरीबोटीच्या धक्क्यापासून फारसा दूर नव्हे. पुढे 1832 साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले आणि ख्रिस्ती धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर जुन्या गोव्यातील मठांची पुस्तके त्याच्याकडे आली. आज पणजीतच पाटो येथे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. हा इतिहास बेटाचा नाही असे कोणी म्हणेल, पण मांडवीच्या दोन्ही काठांचे व्यवहार कधी वेगळे होते?

चोडणची_वाचक

पैलतीर यांची माहिती मोलाची आहे. तरीही माझा आक्षेप आहे. अशा कार्यक्रमांत इतिहासाचे फलक भिंतीवर लागतात, लोक त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात आणि पुस्तक कोणीच उघडत नाही. बेटावरचा लेखक म्हणजे ज्याचे पुस्तक छापले गेले तोच, असे आपण का धरून चालतो?

घरोघरी काय आहे ते आधी पाहावे. देवळांच्या स्मरणिका, आजोबांनी लिहून काढलेल्या भजनांच्या आणि आरत्यांच्या वह्या, उत्सवी नाटकांच्या हस्तलिखित प्रती, रोमी लिपीतील तियात्रांच्या (कोंकणी संगीतनाटकांच्या) संहिता, कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे) जुने कागद, खाजनाच्या (खाऱ्या पाण्यालगतच्या शेतजमिनीच्या) बांधांविषयी आणि मानशींविषयी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांविषयी) एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने केलेली टिपणे, हे सारे बेटाचेच साहित्य आहे आणि त्यातले बरेचसे पुढच्या पिढीत रद्दीत जाणार आहे. धालो (बायकांचे सामूहिक लोकनृत्य) आणि फुगड्यांची गाणी तर अनेकदा कागदावरही नसतात. ती जाणणाऱ्या आज्या त्या दिवशी व्यासपीठावर मानाने बसाव्यात, नुसत्या प्रेक्षकांत नव्हेत.

आमच्या शेजारच्या चोडण बेटाचा देव देवकीकृष्ण पोर्तुगीज काळात बेट सोडून गेला आणि शेवटी माशेलात स्थिरावला. तुमच्या दिवाडीचा देव सप्तकोटेश्वर नदीपलीकडच्या नार्व्याला गेला, जिथे 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दैवतांबरोबर कुटुंबेही गेली. तेव्हा बेटाशी नाते सांगणारी वही आज माशेलला किंवा डिचोलीकडे कोणाच्या घरी निघाली, तर तिला परकी मानू नये. मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज, देवनागरी आणि रोमी, सर्व एकाच मेजावर मांडावे. भाषावादाला त्या दिवशी सुट्टी द्यावी.

निवृत्त_ग्रंथपाल

चोडणच्या बाईंचे म्हणणे मला पटते, पण त्याला व्यवहाराची जोड हवी. 12 ऑगस्ट हा ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिन ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, म्हणून ती तारीख कोणीतरी सुचवेलच. ती घेऊ नये. भर पावसात हस्तलिखिते घराबाहेर काढणे म्हणजे त्यांचा नाश ओढवून घेणे होय. शिवाय ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तुमच्याकडे बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो आणि सारे कार्यकर्ते त्यातच गुंतलेले असतात. 14 ते 20 नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह उत्तम. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते.

वह्या मालकांकडून काढून घेऊ नका. त्या आणवून, थेट ऊन न लागेल अशा उजेडात पानांची छायाचित्रे घ्या, नोंद करा आणि त्याच दिवशी परत करा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी मुळीच लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. नोंदीत मालकाचे नाव, वहीची भाषा व लिपी, अंदाजे काळ आणि प्रत वाचण्याची परवानगी कोणाला, एवढे असावे. हीच नोंदवही तुमच्या दोन कपाटांच्या वाचनालयाचे खरे भांडवल ठरेल, कारण कादंबऱ्या कुठेही मिळतात, ही यादी दुसरीकडे मिळणार नाही.

हक्कांविषयीही सांगतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. 1984 साली निवर्तलेल्या बोरकरांचे साहित्य 2044 च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. प्रकाशित पुस्तकातील बेताचा उतारा जाहीरपणे वाचायला हरकत नसते, मात्र सबंध पुस्तक स्कॅन करून समूहावर टाकणे चूक. अप्रकाशित वह्यांचेही हक्क असतात, म्हणून वारसांची लेखी संमती घ्यावी. पुस्तकांच्या मदतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फत राबवल्या जातात; त्याची चौकशी मध्यवर्ती ग्रंथालयात आताच करून ठेवावी.

रायबंदरकर

एकच विनंती. प्रमुख पाहुण्यांची भाषणे एका तासात आटोपा. बाहेरून येणाऱ्यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा परतीच्या फेरीबोटीकडे असते.

मळारचा_मास्तर

सर्वांचे आभार. बैठकीत पुढील प्रस्ताव मांडतो: नोव्हेंबरातील सप्ताहाचा रविवार, सकाळी घरोघरच्या वह्यांची नोंद, दुपारी गोन्साल्विस यांच्यावर मुलांसाठी व्याख्यान आणि नंतर धालोची गाणी. मोठ्या लेखकांची छायाचित्रे लावणार नाही, त्यांची पुस्तके वाचनालयाच्या कपाटात असतीलच. गोन्साल्विस यांच्या सिंहली लेखनाचा मराठी, कोंकणी किंवा इंग्रजी अनुवाद कोणाच्या पाहण्यात असल्यास, तो कोणत्या ग्रंथालयात आहे हे कृपया इथेच कळवावे.